सटवाजीमामांचा हात

बिघडलेली मशीनं घेऊन येणारी माणसं मी रोज बघतो. पण चांगलं चालणारं मशीन परत घ्या म्हणून सत्यशीला माझ्या दुकानात आली, तेव्हा मला आधी रागच आला.

२००४ सालचा जानेवारी होता. हिंगोलीत खाली माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि वर माडीवर क्लास. सत्यशीला त्याच क्लासात शिकलेली. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याहून जीपला लटकून यायची, पण एका दिवसाचा खाडा नाही. आई लहानपणीच गेलेली, घरात ती आणि वडील, दोघंच. वडील मेंढरं राखायचे. परीक्षा पास झाल्यावर तिनं माझ्याकडूनच एक जुना पण ठणठणीत कॉम्प्युटर घेतला आणि घरातच टायपिंग सुरू केलं. लग्नपत्रिका, अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका. जून महिन्यात मी स्वतः जाऊन तो बसवून आलो होतो. दिवाळीपर्यंत सुरळीत चालला आणि दिवाळीनंतर मधेच हँग व्हायला लागला.

हँग होणं म्हणजे बंद पडणं नव्हे. पडद्यावर सगळं दिसत असतं, पण माऊस हलत नाही आणि कीबोर्ड कुणाचं ऐकत नाही. बटण दाबून बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं आणि सेव्ह न केलेल्या कामावर पाणी सोडायचं. त्यातून वेळेचा काही नेम नाही. आठ दिवस काही नाही, मग एकाच दिवसात दोनदा. आमच्या धंद्यात हा बिघाड सगळ्यात वाईट, कारण मेकॅनिक समोर बसला की मशीन हटकून शहाण्यासारखं वागतं.

"अजून हँग होतंय का?" मी विचारलं.

"न्हाई सर. पंधरा दिवसांत एकदा बी न्हाई."

"मग परत कशाला देतेस?"

"आबा घरात येईनात," ती म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली.

आता मागचं सांगायला हवं, आणि त्यात माझी शोभा आहे.

डिसेंबरात मी दोनदा साखऱ्याला जाऊन आलो होतो. पहिल्या खेपेला विंडोज नव्यानं टाकत बसलो होतो, तेव्हा तिचे वडील, सटवाजीमामा, दारात येऊन उभे राहिले. काटक अंग, डोक्याला पटका, खांद्यावर काळी घोंगडी. मग हळूच म्हणाले, "सायब, येक सांगू का? मी आलो की बंद पडून राहिलं ते."

मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चाललं असतं, पण मी त्यांना समोर बसवून भाषण दिलं. मशीनला कोण आलं, कोण गेलं काही कळत नाही. तुमचा याच्याशी काडीचा संबंध नाही. असली अंधश्रद्धा मनातून काढून टाका. चांगली दहा मिनिटं मी बोललो आणि मला ते भाषण आवडलंही. मामांनी मान हलवली, "बराबर हाय" म्हणाले आणि निघून गेले.

क्लासात पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावतो, की मशीन उघडायच्या आधी ते वापरणाऱ्या माणसाला विचारा. कधी झालं, किती वेळा झालं, त्याच्या आधी काय केलं होतं. मामांना मी यातलं काहीएक विचारलं नाही. घोंगडीवाल्या माणसाला काय विचारायचं, असंच माझ्या मनात असणार. दुसरं काय?

दुसऱ्या खेपेला सीपीयूचा डबा मी हिंगोलीला आणला. पंखा साफ केला, रॅम बदलली, चार दिवस एकसारखा चालू ठेवला. एकदाही हँग झाला नाही. परत नेऊन लावला आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच. मी हात टेकले.

मामांनी मात्र टेकले नव्हते. त्यांनी आपल्या पद्धतीनं पाहून घ्यायचं ठरवलं आणि घरात यायचंच बंद केलं. गावाबाहेर मेंढरांच्या वाड्यावरच राहायला लागले. सत्यशीला दोन वेळची भाकरी तिकडं नेऊन द्यायची. ते मशीन कसं आहे एवढंच विचारायचे, ती चांगलं आहे म्हणायची, आणि ते म्हणायचे, "बघ. मी न्हाई आलो तर चालतंय ना?"

"लई समजावलं सर, ऐकतच न्हाईत," डोळे पुसत सत्यशीला म्हणाली. "थंडी किती पडून राहिली. वाड्यावर कुडाचा आडोसा हाय नुसता. मला मशीन नको. मला आबा घरी पाहिजेत."

पंधरा दिवस मशीन हँग झालं नव्हतं आणि या पंधरा दिवसांत बदललेली गोष्ट एकच होती, मामा आले नव्हते. याहून चोख तपासणी मी तरी दुसरी कुठली केली होती? मी दुकानाचं शटर ओढलं आणि तिच्याबरोबर जीपमध्ये बसलो.

मामा वाड्यावर एका लंगड्या कोकराचा पाय बांधत होते. मला बघून उठले, रामराम केला.

"मामा, घरी चला."

"नगं सायब. चांगलं चालून राहिलंय पोरीचं काम."

"तुमचंच खरं होतं," मी म्हणालो. "तुम्ही आलात की ते बंद पडतं. मी उगीच हसलो."

मला वाटलं, चूक कबूल केली की बरं वाटेल त्यांना. पण त्यांचा चेहरा पार उतरला. आजवर ज्याची धास्ती होती ते आता शिकलेल्या माणसानंही सांगितलं होतं. माझी जीभ मला नेहमीच असा दगा देते. मी घाईघाईनं म्हणालो, "पण ते का बंद पडतं, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. तेवढं शोधायला चला. तुमच्याशिवाय ते सापडायचं नाही."

नाही होय करता करता ते आले.

कॉम्प्युटरचं टेबल दाराला लागूनच होतं. सत्यशीलानं मशीन सुरू केलं आणि एका पत्रिकेचा मजकूर टाईप करायला घेतला. मी मामांना अंगणात पाठवलं आणि म्हणालो, "नेहमी येता तसंच या. काही वेगळं करू नका."

ते आले. पायात टायरच्या चपला तशाच, कारण दिवसा ते दारातूनच परत फिरायचे. उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी खांद्यावरची घोंगडी ओढून हातावर घेतली. मग वाकून सीपीयूच्या पत्र्याला बोटं लावली आणि ती कपाळाला लावायला उचलली. पोटाला देणाऱ्या वस्तूच्या पाया पडायची त्यांच्यात रीत. बैलाला, तराजूला, लोकर कातरायच्या कात्रीला, तसंच लेकीच्या मशीनलाही. रोज दोनदा ते असा नमस्कार करून जायचे, आणि माझ्यासमोर मात्र संकोचानं त्यांनी कधी तो केला नव्हता.

बोटं टेकली तेव्हा 'चट्' असा बारीक आवाज झाला. पडद्यावर लुकलुकणारी रेघ जागच्या जागी थांबली. सत्यशीलानं दोन-तीन बटणं दाबून पाहिली. हँग.

"बघा," म्हणत मामा मागं फिरले. मी त्यांचा हात धरला.

"मामा, आत्ता हाताला चटका बसला?"

"तो बसतोच की. हिवाळ्यात घोंगडी चावतीच, सायब. लोखंडाला हात लावला की चट् करती."

"हे मला आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं?"

कोरड्या हवेत लोकर अंगाला घासली की वीज साठते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पायात रबर, त्यामुळं ती जमिनीत उतरत नाही. पत्र्याला बोट लागलं की सगळी त्या पत्र्यात. हवा फार कोरडी असली तरच झटका मशीन अडवण्याइतका मोठा, म्हणून कधी आठ-आठ दिवस काही व्हायचं नाही. आता अशी वीज मशीनला बाधू नये म्हणून प्लगला एक जाड पिन असते. ती पत्र्यावरची वीज जमिनीत नेऊन सोडते. मी टेबलाखाली वाकलो आणि वायर धरून भिंतीपर्यंत गेलो. प्लगला जाड पिन नव्हतीच. मुळापाशी तोडलेली होती.

कुणी तोडली हे शोधायची गरज पडली नाही. जून महिन्यात बसवायला आलो, तेव्हा भिंतीवरच्या बोर्डाला दोनच भोकं होती. शेवटची जीप सुटायला आलेली. मी खिशातली पकड काढली, पिन मोडली आणि प्लग दाबून बसवला. खेड्यात चालतं एवढं, असं म्हणालोही असेन. आधी कितीतरी घरांत हेच केलं होतं.

गप्प बसलो असतो तर दोघांनाही कळलं नसतं. पण मामा उंबऱ्याबाहेर खाली मान घालून उभे होते.

"मामा, ही पिन मी तोडली," मी सांगितलं. "मशीन माझ्यामुळं बंद पडत होतं. तुमच्या हातात काही दोष नाही."

त्यांना ते पटलं असं मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्याची पट्टी, वायर आणि तीन भोकांचा बोर्ड घेऊन गेलो. घरामागं खड्डा मामांनीच खणला, मला कुदळीला हात लावू दिला नाही. खाली पट्टी, वर मीठ आणि कोळसा, वर दोन घागरी पाणी. वायर बोर्डाला जोडली, नवा प्लग लावला आणि म्हणालो, "या आता."

मामांनी घोंगडी ओढली आणि बोटं टेकली. चट् झालं. सत्यशीलाच्या बोटांखाली अक्षरं उमटतच राहिली.

"अजून येकदा बघू का?" मामांनी विचारलं. पुन्हा तसंच. मग स्वतःहून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्या खेपेला सत्यशीला हसत होती की रडत होती कोण जाणे, पण टायपिंग थांबवत नव्हती. मामांनी तळहातच पत्र्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मला फार बरं वाटलं. काम संपलं असं समजून मी हत्यारं पिशवीत भरायला लागलो.

मामा मात्र आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच खाली बसले.

"सायब, येक इचारू?"

"विचारा ना."

"हिची माय, अनुसया. सतरा वर्सं झाली. मी मेंढरं घेऊन सिद्धेश्वर धरणाकडं होतो. घरी आलो, तिच्या कपाळाला हात लावला, आन् दिवस मावळायच्या आत ती गेली. तवापासून गाव मला पांढऱ्या पायाचा म्हनतंय." त्यांनी आपल्या तळहाताकडं पाहिलं. "त्यात बी असंच काही असंल का?"

"नाही मामा. तुमच्यामुळं काही झालेलं नाही."

"तुमी मागं बी असंच म्हनले होते," मामा म्हणाले.

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. सत्यशीलाचे हात थांबले होते. मला निघून जावंसं वाटलं. मग मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"आजारी कधी पडल्या त्या?"

"संक्रांतीला. ताप भरला."

"तुम्ही कधी आलात?"

"त्याच्या मागून आठ दिसांनी."

"मधे आठ दिवस इथं काय चाललं होतं?"

मामा आठवू लागले. "गावातल्या वैदूचं औषध चालू होतं. गुण न्हाई आला. मग तिनं अन्न सोडलं. डोळे पिवळे झाले होते म्हनं."

"मेंढरं तिकडं असताना तुम्ही इकडं का आलात?"

"निरोप आला ना. गावातला वसराम आला होता सांगायला. सटवाजी, काही खरं न्हाई, निघ म्हनला. मेंढरं त्याच्यावर सोडून मी..."

ते उजव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजायला लागले, ओठ हलत होते. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मी मधे बोललो नाही. यावेळी मला ते जमलं.

"म्हंजी वसराम निघाला," ते सावकाश म्हणाले, "तवा ती जाऊनच राहिली होती."

"हो."

"ती जाऊन राहिली म्हनून मी आलो."

"हो मामा."

"मी आलो म्हनून ती न्हाई."

टेबलावरून उठून दारात आलेली सत्यशीला खाली बसली आणि तिनं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "सतरा वर्सांत हे कोनी इचारलंच न्हाई सायब. कधी आला, काहून आला. आमी बी कधी मोजलं न्हाई."

ते उठले, उंबरा ओलांडून आत गेले आणि चुलीजवळ भिंतीला टेकून बसले.

"भाकर टाक पोरी," ते म्हणाले. "सायबाला बी वाढ. आज हितंच जेवू."