इंजिनापुढचा नारळ कुणी फोडायचा

दिंद्रुडला कापसातली सरकी काढायची चांदणी जिनिंग कंपनी निघाली तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि मी तिथं इंजिनाला तेल पाजायला होतो. त्या इंजिनाची शिट्टी अशी, की ती वाजली की तिकडं कपिलधारचा धबधबा दचकून थांबायचा आणि खाली अंघोळीला उभे असलेले यात्रेकरू अर्धे कोरडे राहायचे. पटत नसेल तर राहू द्या, पुढचं खरं आहे.

इंजिनाचं तेलकट पाणी चरातून थेट शेजारच्या रानात बायनाबाईच्या विहिरीत उतरायचं. त्यावर तेलाची एवढी साय धरायची, की बाईनं तिच्यावर महिनाभर दिवा जाळला. पण दिव्यानं मिरची जगत नाही. वाफे करपले. विहीर गेली की रान गेलं, आणि रानाशिवाय तिला काही नव्हतं.

ती सुंदरराव पाटलांकडं गेली. पाटील लई हळहळले. म्हणाले, कंपनीच्या मालकाला गाठ. कागदावर मालक होता आश्रुबा, पाटलांच्या शेळ्या राखणारा. त्यानं सांगितलं, मी अंगठा दिला, कशावर ते पाटलांना ठाऊक. पाटील म्हणाले, मला कावून ठाऊक असंल? बाई तहसीलदारांकडं गेली, तर साहेब हुकूम काढायला तयार होते, पण तो कागदावरच्या मालकाच्या नावानं निघणार, आणि आश्रुबाकडून चर वळवून घेणं म्हणजे शेळीला नांगराला जुंपणं. तक्रार ऐकणारा पाटील आणि कंपनीचा खरा मालक एकच, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं. मीही नाही, माझ्या हातातली तेलाची बुधलीसुद्धा पाटलांचीच होती.

बाईनं खंडेनवमीपर्यंत दम धरला. त्या दिवशी अवजारं पुजतात, तशी जिनात इंजिनाची पूजा व्हायची आणि नारळ दरसाल पाटील फोडायचे, गावचा मान म्हणून. त्या साली बाईनं तहसीलदारांना बोलावून आणलं.

"साहेब, अवजाराची पूजा मालकाच्या हातची," ती म्हणाली. "औंदा आश्रुबा करील."

साहेबांनी मान डोलावली. कुणीतरी आश्रुबाला फेटा बांधला. फेटा बसला तसा गडी बदलला. इंजिनाभोवती फिरला, चाकावर थाप मारली, मला म्हणाला, "तेल कमी घालतूस बे." पाटील मिशी चावत उभे होते. तेवढ्या वेळात त्यांनी डावी मिशी खाऊन संपवली, हे मी जवळून पाहिलंय.

"पाटील, जरा मागं सरा," बाई म्हणाली. "मालकाला नारळ फोडू द्या."

आश्रुबानं नारळ उचलला.

"ठेव खाली," पाटील म्हणाले. "बारा बैलजोड्या लावून जालन्याच्या ठेसनावरून मी आणलंय ते इंजिन. तू कोण बे?"

"मी मालक. अंगठा हाय माझा."

"अंगठा तुझा, पण इंजिन माझं हाय. जिन माझं, कंपनी माझी."

साहेबांनी तेवढं कागदावर उतरवून घेतलं आणि दौत पाटलांपुढं सरकवली. सही केली न्हाई तर नारळ आश्रुबाचा, म्हणाले. पाटलांनी कागदाकडं पाहिलं, नारळाकडं पाहिलं, आणि पुन्हा आश्रुबाच्या फेट्याकडं पाहिलं. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: विहीर उपसून चर ओढ्याकडं वळवेपर्यंत जिन बंद, आणि कामावर मालकानं जातीनं हजर राहायचं. पाटील चार दिवस उन्हात चरावर उभे होते. पाचव्या दिवशी बायनाबाईनं बांधावरून चरात डोकावून पाहिलं.

"अजून वीतभर खोल घ्या, मालक," ती म्हणाली.

पाटलांनी घेतलं.