जुन्या मापाचा पोशाख

"आवळ अजून!" दत्तोबा दातओठ खाऊन म्हणाला.

पटक्याचं एक टोक बायकोनं, जयवंतानं, दोन्ही हातांत धरलेलं, आणि दत्तोबा स्वतःभोवती गिरक्या घेत तो पोटाला गुंडाळून घेतोय, असा प्रकार त्या सकाळी पिंपळीतल्या त्याच्या घरात चालला होता. उसाची मोळी बांधावी तसा माणूस बांधला जात होता.

"आवो, काच बसंल," जयवंता कावली. "सिस्टर काय म्हनल्या हुत्या? पिशवीवर दाब द्यायचा न्हाय. तुमचं कान गेलं का अक्कल गेली?"

"दाब न्हाय दिला तर फुगल्यावर दिसंल. लोकं बघत्याल."

"बघू द्या. चोरी केलीया का कुनाची?"

चोरी केली असती तर बरं, असं दत्तोबाला वाटलं. चोराला निदान पळून तरी जाता येतं.

दिवाळीच्या तोंडावर त्याच्या आतड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, पण खालची वाट बंद केली आणि पोटाच्या डाव्या अंगाला आतड्याचं तोंड बाहेर काढून ठेवलं. आता संडास तिथनंच यायची आणि कातडीला चिकटवलेल्या पिशवीत पडायची. कधी यायची, ते ना त्याच्या हातात ना देवाच्या. घरात त्याला सवय झाली होती. पिशवी निम्मी भरायच्या आत मोरीत जायचं, खालचं तोंड उघडून रिकामी करायची, पुसून पुन्हा बंद. पण घराबाहेर? बाहेर म्हटलं की तो उंबऱ्यातनंच मागं फिरायचा. पारावर जाणं बंद, सोसायटीच्या मीटिंगा बंद. ज्याचं हसणं कॅनॉलच्या पल्याड ऐकू जायचं, तो गडी उसाच्या पाचटात लपून बसल्यागत घरात बसला होता. ढेरी तर कधीच उतरली होती. शर्ट अंगावर नुसते लोंबायचे.

आज मात्र सुटका नव्हती. धाकटी बहीण नकोशी, तिची थोरली पोरगी स्वरूपा, हिचं लग्न होतं. डाळजच्या बाजूला हायवेवरचं कार्यालय. आणि दत्तोबा एकुलता एक मामा. मामानं नवरीला बोहल्यावर आणायचं आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं. मामा नाही तर लग्न कसलं?

पण त्याची खरी भीती वेगळीच होती. नवऱ्याकडच्या लोकांत मामाला भर पोशाख करायची रीत होती. ताटात घालून द्यायचा आणि गप बसायचं, असं नव्हे! अंगातला शर्ट तिथंच, भरल्या मांडवात उतरवायचा आणि नवा चढवायचा. हे कळलं तेव्हापासून दत्तोबाच्या डोळ्याला डोळा नव्हता.

त्यानं बहिणीला फोनही केला होता. "नकोशे, पोशाख नको. टावेल-टोपीवर भागवा म्हनावं त्यास्नी."

"आलेला मान कुनी नाकारतं का, दादा? आन माप दिलंय मी. तुझा मागचा शर्ट राहिलेला न्हवं का आमच्याकडं, त्याचं."

त्यानं फोन ठेवून दिला. पोटाचं आपरेशन झालंय एवढंच बहिणीला ठाऊक होतं. पिशवीचं त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

त्यावर त्यानं आपल्या डोक्यानं उपाय काढला. कालपासून अन्नाचा कण पोटात घेतला नव्हता.

"आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येनार?" तो जयवंताला म्हणाला.

"सिस्टरनी ते बी सांगितलेलं. उपाशी राहिलं की पोटात वारा धरतोय म्हनून. पर तुमी कुनाचं ऐकाल तर शप्पत!" असं म्हणून तिनं नवी पिशवी, भोक आधीच कापून ठेवलेली, कापूस, पाण्याची बाटली असं सगळं एका कापडी पिशवीत कोंबलं आणि ती खांद्याला लावली.

शेजारच्या नागेशची जीप होती. वैशाखाचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. नांगरून टाकलेल्या रानातली ढेकळं पांढरी पडली होती आणि वारा सुटला की फुफाटा जीपमध्ये घुसायचा. बारामती मागं पडली तसा दत्तोबाच्या पोटात गुरगुराट सुरू झाला. पटक्याखाली घामाची धार लागली. दर खड्ड्याला तो पोटावर हात धरायचा आणि नागेशनं आरशातून बघितलं की हात काढायचा.

भिगवणला नागेशनं चहाला गाडी थांबवली. हॉटेलात मासळी तळत होती, रस्ताभर वास दरवळत होता. एवढ्या दिवसांत दत्तोबाला पहिल्यांदा बरं वाटलं. हितं कुणाला काय कळतंय! इथंच लग्न असतं तर बहार होती.

"तितं मागं संडास हाय, जाऊन या," जयवंता हळूच म्हणाली.

"रांग हाय."

"असंना का. मानसंच हायती, वाघ न्हायती."

"लई येळ लागतो मला. दार वाजवत्याल. नको म्हनलं ना!"

गेला नाही तो नाहीच. आणि तिथंच फसला.

कार्यालयात गर्दी मावत नव्हती. भटजींनी माईकवरून पुकारा केला, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं!" दत्तोबानं स्वरूपाचा हात धरला. पोरीचा हात मेंदीनं रंगलेला, ऊन लागावं असा ऊबदार, आणि ह्याचा बर्फागत गार. तो बोहल्यावर चढला, अंतरपाट धरला गेला, आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

आता लग्नात मंगलाष्टकं म्हणायची हौस किती जणांना असावी? भटजी झाले, नवऱ्याची आत्या झाली, कुठल्या मास्तरीणबाई चष्मा लावून उभ्या राहिल्या. प्रत्येकाचं कडवं उसाच्या सरीएवढं लांब. इकडं पिशवी वाऱ्यानं टम्म झाली. वर पटक्याचा काच. वाऱ्याला जागा नाही, आणि मास्तरीणबाईंनी नेमका श्वास घ्यायला आवाज थांबवला तेव्हा दत्तोबाच्या पोटातून पुर्रर्र असा लांबलचक आवाज आला.

करवल्यांतल्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं नाकाला पदर लावला. दत्तोबाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. देवा, आता धरणी दुभंगून पोटात घे रं बाबा, असं त्याला झालं. पळावं तर पोरीचं लग्न मोडल्यागत होणार, उभं राहावं तर हे असं. आणि तेवढ्यात पटक्याच्या आत काहीतरी सुटल्यागत वाटलं. ऊन ऊन ओल कमरेकडं उतरायला लागली.

त्याचे हात स्वरूपाच्या खांद्यावर होते. ते त्यानं झटकन काढून घेतले.

नवरी मान खाली घालून उभी होती. तिनं मान वळवली नाही. फक्त एक पाऊल मागं सरली, मामाला अगदी खेटून, आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "मामा, घाबरू नका. मामीनं सांगितलंय मला समदं."

"आगं, तुझा शालू... लांब हो, लांब हो पोरी."

"र्‍हाऊ द्या. मी हाय ना म्होरं. कुनाला दिसत न्हाय."

दत्तोबाच्या डोळ्यांना धारा लागल्या. मामाच्या डोळ्यांत पाणी बघून समोरच्या चार बायकांनी आपलेही डोळे पुसून घेतले. शेवटची अक्षता पडली, बाहेर फटाके फुटले, हार घातले गेले.

आणि नवऱ्याचा बाप, गेणूतात्या, ताटात पोशाख घेऊन थेट पुढ्यात येऊन उभा राहिला. मागं वाजंत्री, भावकी, मोबाईल वर धरलेली पोरं.

"चला मामा! काढा शर्ट. आमच्यात हितंच चढवायचा असतो." तात्याचा हात गळ्याच्या गुंडीला गेलासुद्धा.

दत्तोबानं तो हात घट्ट धरला. शर्टावर खाली डाग उमटत चाललाय हे त्याला न बघता कळत होतं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. त्यानं तात्याच्या कानाला तोंड लावलं.

"तात्या, पाया पडतो. पोटाला आपरेशनची पिशवी हाय माझ्या. संडासची. ती फुटलीया. मला आत जाऊ द्या."

गेणूतात्यानं एकदा खाली बघितलं. एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग अंगावरचं उपरणं काढून दत्तोबाच्या कमरेभोवती गुंडाळलं आणि असा ओरडला की मांडव हालला.

"व्हा बाजूला! मामांचा मान मोठा हाय, मामा खोलीत जाऊन पोशाख चढवनार! ए वाजंत्री, बघता काय? वाजवा की! दारापातूर सोडून या मामास्नी!"

तर असा दत्तोबा पाठोपाठ सनई, ताशे घेऊन संडासला गेला. पिंपळीच्या इतिहासात असा मान कुणाला मिळाला नसेल. पुढं तो, मागं ताट घेऊन जयवंता.

दार लावल्यावर तिनं पटका सोडला. पिशवीची एक कड घामानं आणि दाबानं उचकटली होती.

"बघा तुमचा पटका! आन बघा तुमचा आड!" ती म्हणाली, पण हात भराभर चालत होते. तिनं धुतलं, कोरडं केलं, नवी पिशवी बसवली आणि चिकटावी म्हणून वर तळहात दाबून उभी राहिली. बाहेर ताशे वाजतच होते. दत्तोबा भिंतीला टेकून लहान पोरागत हुंदके देत होता आणि ती त्याला रडू देत होती.

मग नवा शर्ट चढवला. शर्ट चांगला लांबरुंद, दत्तोबाच्या ढेरीच्या दिवसांतल्या मापाचा. आत पिशवी कुठं आहे ते त्याचं त्यालाच चाचपावं लागलं. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, डोक्याला गुलाबी फेटा. बाहेर आला तर म्हाताऱ्या म्हणाल्या, मामा तर नवरदेवाच्या वर दिसतोय!

पंगतीत बसल्यावरही त्याचा डावा हात पोटावर जायचा. भीती काही ताशा वाजवून जात नसते. पण भात वाढणारा आला तेव्हा त्यानं पान मागं ओढलं नाही. म्हणाला, "वाढ. पोटभर वाढ."

नकोशी जिलेबीचं ताट घेऊन समोर बसली. तिच्या डोळ्यांवरनं कळत होतं, स्वरूपानं तिला सांगितलं असावं. पण ती वेडी जिलेबीच वाढत राहिली.

"पोशाख नको म्हनत हुतास न्हवं, दादा?" शेवटी ती म्हणाली. "आन माप बघ, किती ढिलं झालं. माझंच चुकलं. श्रेयाच्या लग्नाला नवं माप घ्यायला सांगते."

श्रेया तिची धाकटी. दत्तोबानं तोंडातला घास गिळला, बहिणीकडं बघितलं, आणि दिवाळीपासून कोंडलेलं ते हसणं एकदम बाहेर पडलं. सगळी पंगत वळून बघायला लागली.

"नगं नकोशे, नगं!" तो म्हणाला. "माप जुनंच दे!"