अपेक्षा करून

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. चार्जर काढला की पाच मिनिटांत मान टाकतो, पण वायर जोडलेली असली की अजून कामाचा आहे. कोल्हापूरच्या दुकानातून क्षितिजसाहेबांनी मला घरी आणलं, तेव्हा पेढे वाटले होते. बँकेनं त्यांची कोलकात्याला बदली केली, तसा मीही तिथल्या बेहाला भागातल्या फ्लॅटमध्ये आलो. पुढे त्यांना बँकेचा नवा लॅपटॉप मिळाला आणि माझी रवानगी कपाटावर झाली.

तिथून मला खाली काढलं ते त्यांच्या पत्नीनं, मंजुषाताईंनी. कोल्हापुरातली शाळेची नोकरी सोडून त्या इथं आल्या होत्या. घरबसल्या प्रश्नांची उत्तरं द्या आणि पैसे मिळवा, अशी जाहिरात त्यांनी पाहिली आणि लगेच आईला फोन लावला. "आई, या दुर्गापूजेला तू इथं यायचंस. तिकीट माझ्या कमाईचं हं, ह्यांच्या नाही!"

रोज दुपारी, लेक सायली शाळेत असताना, आम्ही दोघं बसायचो. साबणाला वास कसा हवा, बिस्किट चहात बुडवता का, घरात छत्री कोण आणतं, कसले कसले प्रश्न! ताई परीक्षेचा पेपर सोडवावा तशी खरी उत्तरं द्यायच्या. "अजून दम आहे हो तुझ्यात," म्हणत माझी धूळ ओढणीनं पुसायच्या. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

श्रावणात तिकिटापुरती रक्कम जमली. ताईंनी पैसे काढायचं बटण दाबलं. प्रश्न इंग्रजीत असले, तरी सूचना बंगालीत यायच्या. बसच्या पाट्या वाचून ताई ती अक्षरं शिकल्या होत्या. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "अ-पे-क्षा क-रु-न." आणि खुदकन हसल्या. "बघ, अपेक्षा करा म्हणतायत. म्हणजे येणार!"

मी अक्षरं दाखवतो, मित्रांनो. अर्थ मला कुठून कळणार? दीड महिना रोज तीच सूचना आली आणि ताई आनंदानं आणखी प्रश्न सोडवत राहिल्या.

पूजेच्या तोंडावर, महालयाच्या सुट्टीला सायली घरी होती. बंगाली तिला शाळेत शिकवतात. ती मागून डोकावली. "आई, अपेक्षा नाही गं, ऑपेक्खा! म्हणजे थांबा. ते तुला नुसतं वेट कर म्हणतात."

"किती दिवस?"

"ते नाही लिहिलं."

ताईंनी पुन्हा बटण दाबलं. आता ती सूचनाही येईना, साइटच उघडेना.

"अगं, मी काढतो तिकीट," साहेब म्हणाले. पण पूजेच्या गाड्या केव्हाच भरल्या होत्या. ताईंनी आईला फोन करून सगळं सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तूही त्यातलाच!"

ते शब्द मला फार लागले. फसवणारे लांब राहिले आणि तोंडघशी पडलो मी. पण खोटं माझ्याच पडद्यावर आलं होतं, मग कुठल्या तोंडानं तक्रार करू?

आता मी पुन्हा कपाटावर आहे. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण न कळलेला शब्द विचारायला लाजू नका, आणि ज्याच्याकडून काम करून घेतलंत, त्याला नुसतं ताटकळत ठेवू नका. त्या दिवशी झाकण मिटता मिटता, अजून चालू असलेल्या फोनमधून मी सायलीच्या कोल्हापूरच्या आजींचा आवाज ऐकला होता.

"नुसतं थांब म्हणाली असतीस, तरी थांबले असते गं. मी आपली बॅग भरून, अपेक्षा करून बसले."