कोंबड्यांचा कौल

माझी बहीण विनिफ्रेड फोनवर बोलते तेव्हा खरं तर फोनची गरज नसते. ती इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला, व्हिटबीला समुद्राकाठी राहते आणि आमची शाळा हेरफर्डशरमध्ये, टेकडीवर. तरी खिडकी उघडी ठेवली तर तिचा आवाज तसाही येईल, असं मला वाटतं. त्या मंगळवारी शिक्षकांच्या खोलीतल्या फोनवर ती म्हणाली, "अरे, तुझ्या खोलीला रंगसुद्धा देऊन झाला. निळा दिलाय. आता तू तुझ्या त्या मुख्याध्यापिकाबाईंना सांगून टाक आणि ये इकडे. शुक्रवारपर्यंत सांगायचंय ना?"

"हो, विनी. शुक्रवारी जेवणाआधी."

"मग रडतोस कशाला?"

"रडत नाहीये. सर्दी झालीय."

"हेस्टर गेल्यापासून तुझी सर्दी हटतच नाहीये. समुद्राच्या हवेनं जाईल. ये."

मी फोन ठेवला आणि दार उघडलं. दाराबाहेर नववीच्या मुली लॅटिनच्या वह्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. सगळ्या छताकडे बघत होत्या. छतावर बघण्यासारखं काही नाही.

"काही ऐकलंत का तुम्ही?" मी विचारलं.

"नाही, सर," सगळ्या एकदम म्हणाल्या.

"हो, सर," टॅम्सिन लाइटफुट म्हणाली. शेजारणीनं तिला कोपर मारलं.

टॅम्सिनबद्दल इथंच सांगून टाकतो. या मुलीला खोटं बोलता येत नाही. प्रार्थनाघराची एक काच कोणी फोडली अशी चौकशी निघाली, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि म्हणाली की बहुतेक मीच फोडली असेल. ती काच ती शाळेत येण्याच्या आधीपासून फुटलेली होती.

हेस्टर म्हणजे माझी बायको. मुलींच्या वसतिगृहाची प्रमुख होती. ऑक्टोबरात गेली. मी सगळ्यांना लॅटिन शिकवतो, आणि ज्यांना हौस आहे त्यांना ग्रीक. आम्ही वसतिगृहाच्या खालच्या मजल्यावर राहायचो. संध्याकाळी मुली मैदानावरून परत आल्या की जिन्यावर धडधड व्हायची, आणि हेस्टर आतून ओरडायची, "बूट!" एवढंच. आता मी फाटकाजवळच्या छोट्या घरात राहतो. तिथं जिना नाही. तरी त्या वेळेला मी मान वर करतो.

म्हणून मी जायचं ठरवलं होतं. मुख्याध्यापिका मिस बॅरक्लफ बाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या होत्या, "क्विल्टर, थांबलात तर मला आनंदच आहे. जायचं असेल तरी समजू शकते. पण शुक्रवारी दुपारच्या जेवणाआधी सांगा. पुढच्या वर्षासाठी नव्या शिक्षकाची जाहिरात द्यायची आहे." मी तेव्हाच सांगणार होतो, पण त्यांनी तेवढ्यात चहा ओतला आणि राहून गेलं.

आता कोंबड्या. त्या हेस्टरच्या. वसतिगृहामागच्या अंगणात खुराडं आहे. मुली म्हणायच्या, त्यांना रोमन राण्यांची नावं द्या. हेस्टरनं गोडाच्या पदार्थांची दिली. कस्टर्ड, क्रंबल, ट्रायफल, आणि एक म्हातारी, तिचं नाव नुसतं जेली. हेस्टर गेल्यावर मी त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. दाणापाणी मुलीच बघत होत्या.

दर मार्चमध्ये, नदीपलीकडच्या शाळेशी लॅक्रॉसचा, म्हणजे जाळीच्या काठ्यांनी चेंडू फेकायच्या खेळाचा, सामना असतो त्याच्या आदल्या दिवशी, नववीचा वर्ग कोंबड्यांचा कौल घेतो. ही आमच्याकडची रीतच आहे. रोमचे सेनापती लढाईला निघण्याआधी कोंबड्यांना दाणे टाकायचे. कोंबड्यांनी हावरटासारखं खाल्लं, चोचीतून दाणे सांडले, तर देव राजी, निघा. तोंड फिरवलं तर थांबा, कुठंही जाऊ नका. हेस्टर आदल्या रात्री कोंबड्यांना उपाशी ठेवायची, त्यामुळे आमचा कौल कधी उलटा गेला नाही. मला ते माहीत होतं. मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

बुधवारच्या तासाला मी मुलींना राखणदाराची गोष्ट सांगितली. एका लढाईच्या सकाळी कोंबड्यांनी दाण्याला चोचही लावली नाही. पण त्यांच्या राखणदारानं सेनापतीला निरोप दिला की छान खाल्लं. मागून कोणीतरी चुगली केली. सेनापती म्हणाला, "मला मिळालेला निरोप चांगला आहे, आणि माझ्यासाठी तोच खरा. खोटं बोलल्याचं पाप बोलणाऱ्याच्या डोक्यावर." आणि त्यानं त्या राखणदाराला सैन्याच्या पहिल्या रांगेत उभं केलं. लढाई सुरू व्हायच्या आतच कुठून तरी एक भाला आला आणि राखणदार संपला.

"म्हणजे सर," इफेओमा म्हणाली. तिची आई लागोसला वकील आहे आणि मुलीतही ते उतरलं आहे. "कोंबड्यांनी काय केलं याला महत्त्व नाही. राखणदार काय म्हणाला याला आहे."

"सेनापतीपुरतं तसंच."

"आणि निरोप एकदा दिला की दिला?"

"दिला की दिला."

"लिहून घेते, सर," ती म्हणाली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. इफेओमा कधी काही लिहून घेत नाही.

शुक्रवारी सकाळी मी अंगणाच्या दाराशी जरा थबकलो. मग आत गेलो, कारण आत अख्खा वर्ग पलंगपोस गुंडाळून उभा होता. रोमन लोकांसारखा. एकीच्या पलंगपोसावर ससे होते. वारा सुटला होता, त्यामुळे निम्म्या रोमन नागरिकांना दोन्ही हातांनी आपली वस्त्रं धरून ठेवावी लागत होती.

"फिलिडा, तुझ्या डोक्यावर काय आहे?"

फिलिडा ग्रीनस्लेड यंदाची सेनापती होती. संघात ती गोल राखते. अंगानं धिप्पाड आहे, आवाजानं त्याहून. "लॉरेलच्या पानांचा मुकुट, सर. मिस बॅरक्लफ बाईंच्या कुंपणाची. त्यांना कळणार नाही."

"मी त्यांना सांगितलंय," टॅम्सिन म्हणाली. ती राखणदार होती. हातात गव्हाचं भांडं होतं.

"अगं गधडे!"

"त्यांनी विचारलं होतं!"

"काय विचारलं होतं?"

"कशी आहेस म्हणून."

अंगणात कसला तरी गोड वास येत होता. मी खुराड्यात वाकून बघितलं. कस्टर्डच्या चोचीला जॅम लागला होता. जेलीच्या पिसांत तांदळाच्या खिरीची शितं अडकली होती. गुरुवारची ती खीर आमच्या शाळेत कोणी खात नाही. घमेलंभर उरते. ते घमेलं खुराड्याच्या मागे पडलं होतं, चाटून पुसून लख्ख.

"हे कोणी केलं?"

परत सगळ्या वर बघायला लागल्या. इथं निदान आकाश तरी होतं.

"शांत राहा!" फिलिडा गरजली. "कौल सुरू होतोय!" तिनं पलंगपोसाचं टोक डोक्यावर घेतलं, हात पसरले. "हे देवांनो! क्विल्टर सरांनी शाळा सोडून व्हिटबीला जावं, हे तुम्हाला पसंत आहे का?"

"फिलिडा! सामन्याबद्दल विचारायचं असतं!"

"सर, मध्ये बोलायचं नसतं," इफेओमा म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत. मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून."

"हे देवांनो!" फिलिडानं पहिल्यापासून सुरू केलं.

मी चष्मा काढून पुसला. दुसरं काय करणार? आता त्यांचा डाव कळला होता. कोंबड्यांना खीर आणि जॅम पोटभर चारायचा, म्हणजे त्या दाण्यांना तोंड लावणार नाहीत, म्हणजे देव नाराज, म्हणजे सर कुठंही जाणार नाहीत. रोमन लोकांनीही याहून वेगळं काही केलं नसतं. फक्त त्यांना कोंबड्यांचा स्वभाव माहीत होता.

टॅम्सिननं खुराड्याची झडप उचलली आणि गहू टाकला. कोंबड्या बाहेर आल्या. चाल अशी, जणू लग्नाच्या जेवणावरून आल्या आहेत. कस्टर्डनं गव्हाकडे बघितलं. मग आमच्याकडे. एक पाय उचलून धरला. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला कळेना की मी कोणाच्या बाजूनं आहे.

कस्टर्डनं पाय खाली टेकवला आणि खायला सुरुवात केली.

मग सगळ्याच तुटून पडल्या. क्रंबलनं ट्रायफलला ढकललं. म्हातारी जेली सरळ भांड्यातच शिरली. चोचींतून दाणे असे उडत होते की कुठल्याही सेनापतीनं तेवढ्यावर अर्धं जग जिंकायला निघावं. एक दाणा माझ्या चष्म्यावर आला.

मुलींचे चेहरे पडले. ससेवाल्या रोमन नागरिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. फिलिडा मलूल आवाजात म्हणाली, "राखणदार, निरोप काय?"

टॅम्सिन ताठ उभी होती. कानांपर्यंत लाल झाली होती. तिनं कोंबड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले.

"सेनापती," ती म्हणाली, "कोंबड्या खात नाहीत."

टक टक टक टक, असा चोचींचा आवाज तेवढा येत होता.

"काय?" फिलिडा म्हणाली.

"खात नाहीत. बघतसुद्धा नाहीयेत."

जेली भांड्यातून बाहेर आली, टॅम्सिनच्या बुटावर पडलेला दाणा तिनं टिपला, मग तिच्या बुटाची नाडी टिपून बघितली.

"टॅम्सिन," मी म्हणालो, "नीट बघून सांग."

"नीट बघूनच सांगतेय, सर." डोळे अजून मिटलेलेच. "मी खोटं बोलतेय, सर. अगदी धडधडीत. पण निरोप हाच आहे."

"आणि निरोप दिला की दिला!" इफेओमा ओरडली. "सेनापतीसाठी तोच खरा!"

मी हसायला लागलो. आधी नुसता नाकातून आवाज आला, मला वाटलं सर्दीच असेल. मग मला खुराड्याला धरावं लागलं. माझं बघून मुली सुटल्या. फिलिडाचा मुकुट पडला, तो कोंबड्यांनी तुडवला, एकीचा पलंगपोस वाऱ्यानं कुंपणापलीकडे गेला आणि ती शाळेच्या गणवेशात किंचाळत त्याच्यामागे धावली. माझ्या पोटात दुखायला लागलं. हसून दुखतं हे मी विसरलोच होतो.

फक्त टॅम्सिन हसत नव्हती. ती म्हणाली, "सर, आता मला पहिल्या रांगेत उभं करा."

"अगं, ती गोष्ट होती."

"खोटं बोलल्याचं पाप बोलणाऱ्याच्या डोक्यावर, असं म्हणालात तुम्ही. उद्या मला गोल राखायला उभं करा."

तिला चेंडूची भीती वाटते. साध्या चेंडूचीही. लॅक्रॉसचा चेंडू तर दगडासारखा असतो, आणि नदीपलीकडच्या मुली तो जाळीच्या काठीनं असा फेकतात की तो भालाच म्हणावा.

"म्हणजे तू हे आधीच ठरवलं होतंस?"

"बुधवारपासून, सर. खीर लागू पडली नाही तर म्हणून. मला झोप आली नाही."

फिलिडानं तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माझे पॅड घे. मोठे होतील, पण तेवढं जास्त झाकलं जाईल."

मी तिथून थेट मिस बॅरक्लफ बाईंच्या खोलीत गेलो. अंगावर पिसं होती.

"मी थांबतोय," मी म्हणालो. "कोंबड्या खात नाहीत."

बाई खिडकीशी उभ्या होत्या. खुराड्याची झडप लावायची राहिली होती. त्यांनी मला बोलावून खाली दाखवलं. कस्टर्ड, क्रंबल, ट्रायफल आणि जेली ओळीनं बाईंच्या ट्युलिपमध्ये उभ्या होत्या.

"क्विल्टर, त्या माझी फुलं खातायत."

"अधिकृत निरोप तसा नाही, बाई."

बाईही लहानपणी लॅटिन शिकलेल्या आहेत. "राखणदार कोण होतं?"

"टॅम्सिन लाइटफुट."

"टॅम्सिन?" बाई खुर्चीत बसल्या. "ती खोटं बोलली? तुमच्यासाठी?" आणि मग त्यांनी जाहिरातीचा कागद उचलून टोपलीत टाकला, आणि मला कोंबड्या हाकलायला पाठवलं.

शनिवारी आम्ही हरलो. किती गोलांनी ते मोजणं माझ्या बाजूला उभ्या असलेल्या शिक्षिकेनं मध्यंतरानंतर सोडून दिलं. टॅम्सिन फिलिडाच्या पॅडमध्ये बुडून गेली होती, वरून शिरस्त्राण, आतून फक्त डोळे, तेही मिटलेले. चेंडू येत होते, जाळीत जात होते. मी कडेला उभा राहून घसा फुटेपर्यंत ओरडत होतो. अगदी शेवटी एक चेंडू तिच्या शिरस्त्राणावर ठाणकन आपटला आणि उडून बाहेर गेला. आमच्या बाजूनं असा काही जल्लोष झाला की जिंकलेल्या मुली बुचकळ्यात पडल्या.

सामना संपल्यावर ती पॅड ओढत माझ्याकडे आली. कपाळावर टेंगूळ होतं आणि ती भलतीच खूश होती.

"सर, पुढच्या वर्षी ग्रीक घेता येईल का मला?"

"येईल की. मी आहे."

"मग घेते." तिनं शिरस्त्राण माझ्या हातात दिलं. "पण बसणार शेवटच्या रांगेत, सर."