गालांवरची लाली

"बाळंतिणीला चाळीस दिवस एकटीला ठेवायचं नसतं. ती अजून पुरती परत आलेली नसते," असं स्ताना मावशीने बजावलं, तेव्हा बिल्यानाने ते हसण्यावारी नेलं.

बिल्यानाची बालमैत्रीण सेवदा नुकतीच बाळंत झाली होती. तिच्या स्वयंपाकघरात बायका बाळाच्या आनंदात देवमातेच्या नावाने भाजलेला पाव तोडून मधाबरोबर खात होत्या. शेजारची स्ताना मावशी पाळण्यावर वाकली, थू थू करून म्हणाली, "शी बाई, काय हे ध्यान! माकडीण नुसती!" छोट्या मिलीत्साला दृष्ट लागू नये म्हणून हो. मग तिने पाळण्याला लाल दोरा बांधला आणि चौकटीवर लसणाची माळ टांगली.

"परत यायची म्हणजे कुठून, मावशी? बुर्गासच्या हॉस्पिटलातून तर केव्हाच आली ती," बिल्याना म्हणाली.

"हस, हस. कॉलेजात शिकवलं नसेल हे."

"कॉलेजात लसूण सूपमध्ये घालायला शिकवतात."

सगळ्यात मोठ्याने हसली ती सेवदाच.

हिवाळ्यात समुद्रकाठच्या आमच्या जुन्या नेसेबर गावात माणूस औषधालाही सापडत नाही. उन्हाळ्यात जिथे पाय ठेवायला जागा नसते त्या गल्ल्यांत नुसता समुद्राचा वारा आणि मांजरं. दुकानांना फळ्या ठोकलेल्या. सेवदाचा नवरा क्रासेन मालवाहू जहाजावर होता, ईस्टरपर्यंत यायचा नव्हता. आई कधीच वारलेली. राहिली होती स्ताना मावशी, तर तिचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. बुर्गासला लेकीकडे जाताना ती बिल्यानाला म्हणाली, "तुझ्यावर सोपवून चाललेय हिला."

"हो गं मावशी, निर्धास्त जा."

आणि बिल्याना काही बेफिकीर बाई नव्हती. उलट काळजीनेच अर्धी झालेली. तिचा आसेन दहा महिन्यांचा. त्याला शिंक आली तरी ती थर्मामीटर शोधायची, झोपला की छाती हलते ना बघायची. सेवदाकडे गेली की मिलीत्साचेही डोळे, नखं, शीचा रंग बघून यायची. बाळ सुरेख होतं. तिला हायसं वाटायचं.

एका दुपारी छान ऊन पडलं. बिल्याना म्हणाली, "चल, जुन्या चर्चपर्यंत जाऊन येऊ. घरात कोंडून घेऊन वेडी होशील."

"चाळीस दिवस झाले नाहीत गं. मावशीला कळलं तर?"

"मावशी डोळ्याला पट्टी बांधून बसलीये. तिला काय दिसतंय!"

दोघी बाबागाड्या ढकलत निघाल्या. छप्पर शेकडो वर्षांपूर्वी गेलेलं ते चर्च म्हणजे त्यांचं लहानपणचं खेळायचं अंगण. विटादगडांच्या उंच कमानी, वर मोकळं आभाळ, भिंतीतून उगवलेलं अंजिराचं झाड, आणि वेदीच्या जागी ओळीने मांडलेले संगमरवराचे तुटके खांब. इथेच लपंडाव खेळताना सेवदा एकदा अशी लपली होती की संध्याकाळी तिची आई हाका मारत आली.

"तू मला शोधलंच नव्हतंस, भवाने. घरी जाऊन जेवायला बसलीस," सेवदा म्हणाली.

"मला वाटलं तू पण गेलीस."

सेवदाने कोट काढून गाडीवर टाकला. फेब्रुवारीचा वारा, आणि हिच्या अंगात नुसता ब्लाउज. ती एका खांबाशी गेली, दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली आणि आधी कपाळ, मग गाल त्याला टेकवला.

"किती गार लागतंय गं," डोळे मिटून ती म्हणाली. "असंच राहावंसं वाटतंय."

"क्रासेनची मिठी एवढी गार असते होय?" बिल्याना खिदळली. सेवदाही हसली, आणि तेवढ्यात बिल्यानाने तिचा फोटो काढला. लालबुंद गाल, चकाकणारे डोळे, पांढराशुभ्र दगड. बाळंतपण मानवलं हो हिला, असं तिच्या मनात आलं. मग खाली सोडलेल्या आसेनने तोंडात खडा घातला, म्हणून ती तिकडे धावली.

दुसऱ्या दिवशी आसेनला सर्दी झाली. त्यात बाळंतिणीच्या घरी कसं जायचं? तिने मेसेज केला, "बाळ कसं आहे?"

"छान. पोटभर प्यायली."

तिसऱ्या दिवशी पुन्हा, "बाळ कसं?"

"झोपलीये. अगदी परी."

दोन्ही उत्तरं खरी होती. त्यानंतर उत्तर आलं नाही, तेव्हा बिल्याना आसेनला काखोटीला मारून धावत गेली. मिलीत्सा पाळण्यात टाहो फोडत होती. सेवदा खाली फरशीवर पडलेली. श्वास चालू होता, पण ती बिल्यानाला आई म्हणून हाक मारत होती. अँब्युलन्स आली, बुर्गासला नेलं. तापाचं मूळ गर्भाशयात होतं, संसर्ग रक्तात भिनला होता, डॉक्टर म्हणाले. थोडं आधी आणायला हवं होतं, असंही म्हणाले. सेवदा गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या फोटोचा कागद छापून दारादारांवर, खांबांवर चिकटवतात. क्रासेन मिळेल त्या विमानाने आला. "लग्नातला फोटो नको, त्यात ती परकी वाटते," म्हणाला. बिल्यानाच्या फोनमधला चर्चमधला फोटो त्याने पाहिला आणि पाहतच राहिला. "हाच दे. किती खूश दिसते बघ."

ती नाही म्हणू शकली नाही.

रंगीत छापला त्याने. सेवदाच्या दारावर, पोस्टाच्या भिंतीवर, बस थांब्यावर, जिकडेतिकडे हसरी सेवदा. लोक थांबून वाचायचे, छातीवर क्रूसाची खूण करायचे आणि म्हणायचे, "कशी टवटवीत होती पोर! गालांवर काय लाली!" बिल्याना पावाच्या रांगेत उभी राहून ते ऐकायची, आणि रांग सोडून घरी जायची.

स्ताना मावशी पट्टी काढून परतली. बिल्यानाला वाटलं, आता ही बोलणार. पण ती सेवदाच्या दारावरच्या फोटोपुढे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मी भुतांना अडवायला लसूण टांगला गं. तिच्या कपाळाला हात मात्र मीही लावला नाही."

क्रासेन एकदा म्हणाला, "ती जागा दाखव मला." मिलीत्साला छातीशी बांधून तो खांबापुढे उभा राहिला. तळवा टेकवला. "बर्फासारखा आहे."

"तिला ताप होता, क्रासेन," बिल्याना म्हणाली. "त्या दिवशी. म्हणून ती दगडाला बिलगली. आणि मी फोटो काढत बसले."

क्रासेनने खांबावरचा तळवा काढला नाही. तिला वाटलं, आता आपल्याला इथून घालवून देईल. दिलं असतं तरी चाललं असतं.

"मी रोज व्हिडिओवर बघत होतो तिला," तो म्हणाला. "ती दिसली की म्हणायचो, तू बाजूला हो, पोरगी दाखव. ती हसून बाजूला व्हायची."

मिलीत्सा जागी झाली आणि तोंड फिरवून दूध शोधू लागली. क्रासेनच्या शर्टात काही सापडेना तशी रडू लागली. बिल्यानाचा पान्हा अजून आटला नव्हता. तिने बाळाला घेतलं, त्या ओळीतल्या एका बुटक्या तुटक्या खांबावर बसली आणि छातीशी धरलं. क्रासेन पाठ करून समुद्राकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

बिल्याना आता कोणाकडे बाळ झालं की पाळण्याकडे जात नाही, आधी आईपाशी बसते. लोक नावं ठेवतात, ठेवोत. आणि हे वाचणाऱ्या तुमच्यापाशीही तिचं एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या जिन्यावर कोणी नुकती बाळंत झालेली असेल, तर उद्यावर टाकू नका. मेसेजही नको. जा, दार वाजवा. ती बाळाचंच सांगू लागेल. सांगू द्या, आणि मग विचारा, तू कशी आहेस? 'छान' म्हणाली, तरी लगेच उठू नका.