बसू नकोस, उभी राहा

मावशीचा पाय मोडला आणि तिचा इंग्रजीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. खरं म्हणजे मीच तो ओढून घेतला. मावशी म्हणाली, चालव, पण एक जरी मूल गळालं तर माझा पाय बरा होईपर्यंत वर्ग बंद. पडद्याआड पलंगावर पडून ती सगळं ऐकायची. आवाज नीट पोचला नाही की काठी जमिनीवर आपटायची.

सहा वर्षांच्या पिल्लांपासून माझ्याएवढ्या, उंच म्हणून लंबू म्हणवणाऱ्या मुलीपर्यंत सगळी एकाच खोलीत. मी मोठी शहाणी! ज्याला जेवढं वाचता येतं, त्याप्रमाणे बसवलं. लंबूला अक्षरं जुळवतानाच घाम फुटायचा, म्हणून ती गेली पिल्लांत, नेमकी सख्ख्या धाकट्या भावाशेजारी. त्याने तिची चूक काढली, सगळी फिदीफिदी हसली. लंबू उठली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी. "काय गं बाई, गळालं ना एक?" पडद्याआडून मावशी. मी उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली आणि वर्ग सुटताच लंबूचं घर गाठलं.

ती जिन्यात शेजारणीला कुणाच्या तरी भांडणाची नक्कल करून दाखवत होती. कमरेवर हात, मान वाकडी. शेजारीण हसून बेजार. मला बघताच लंबूने तोंड फिरवलं. "मी त्या पिल्लांत बसणार नाही."

"बसू नकोस, उभी राहा," मी म्हटलं. कसं, ते सांगितल्यावर ती यायला कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला मिळून एकच इंग्रजी गोष्ट. मोठ्या मुलांनी वाक्य वाचायचं, अर्थ मी सांगायचा, लंबूने तो करून दाखवायचा, पिल्लांनी इंग्रजी शब्द ओरडायचा. लंबू भुकेला कुत्रा झाली, मग दार न उघडणारी खडूस म्हातारी. वाचणारा एवढा हसत सुटला की पुढचं वाक्य त्याच्या तोंडून निघेना. सगळी ताटकळली. लंबूने पुस्तक ओढून घेतलं, ओळीवर बोट ठेवलं.

"द... डॉ... डॉग..."

भावाने तोंड उघडलं. मी डोळे वटारले, तसं त्याने ते मिटलं.

पुढचा शब्द काही केल्या येईना. तेवढ्यात काठी आपटली. संपलं, मला वाटलं, आता ही पुन्हा निघून जाणार. लंबूने पडद्याकडे रोखून पाहिलं, दम घेतला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं, दुप्पट आवाजात. अडखळत, पण वाक्य संपवलं.

मग मला म्हणाली, "उद्या म्हातारी दुसऱ्या कुणाला तरी कर. मी वाचणार आहे."