साबणावरचा ठसा

“ही किल्ली मी करणार नाही.”

किल्लीवाल्याने साबणाची वडी परत सरकवली. वडीवर किल्लीचा ठसा होता आणि खाचा त्याच्या ओळखीच्या होत्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नर्सबाईंच्या दाराला हे कुलूप त्यानेच मागच्या आठवड्यात बसवलं होतं. नवऱ्याला सोडून, मुलीला घेऊन त्या काही महिन्यांपूर्वी तिथे राहायला आल्या होत्या.

“का? फुकट मागतोय का मी?” गिऱ्हाईक गुरकावलं.

“दुकान माझं आहे. कुणाचं काम घ्यायचं ते मी ठरवणार.”

“अहो काका, माझ्या बायकोच्याच घराची आहे. पोरीच्या दप्तरातल्या किल्लीचा ठसा घेतलाय. चोरी नाही केली.”

“मग बायकोकडेच मागा.”

“राहिलं! तुमच्यावाचून माझं काय अडतंय?” वडी रुमालात गुंडाळून तो चालता झाला.

आल्या गिऱ्हाइकाला किल्लीवाल्याने आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. मनातून बरं वाटत होतं. भरदुपारी शटर ओढून तो नर्सबाईंना सावध करायला निघाला.

बाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. त्याचं बोलणं ऐकून त्या उंबऱ्यातच बसल्या.

“करून द्यायची होती हो, काका.”

“काय बोलता, ताई!”

“किल्ली असली की येतो, शिव्या देतो, जेवतो, जातो. नसली की दार फोडतो. मागच्या वेळी तेच झालं. घरमालकीण म्हणाल्या, पुन्हा दार फुटलं तर खोली सोडा. घर त्यांचं. कुणाला ठेवायचं ते त्या ठरवणार.”

किल्लीवाल्याची मान खाली गेली.

“पोलिसांत जा ना.”

“जाऊन आले. घरातलं घरात मिटवा म्हणाले.”

“आतून भक्कम अडसर बसवून देतो. आत्ताच.”

“अडसर टिकेल, चौकट टिकेल का? दोनदा ठोकून झालीय ती.”

आत मुलगी पायात बूट घालूनच गृहपाठ करत होती.

“तुम्ही भल्यासाठीच केलंत,” बाई उठत म्हणाल्या. “पण आता जा. तुम्हाला इथे पाहिलं तर त्याला आणखी एक निमित्त मिळेल.”

तो जिना उतरू लागला. वर दार लागलं. सवयीने तो थबकला, कान देऊन उभा राहिला.

कडी सरकल्याचा आवाज आलाच नाही.